खेळातली एक खोटी जागा

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूपुढे एक अख्खे युद्ध आणून ठेवले, चार्जरसकट.

दृष्टांतातल्या गुरूला दाढी असते, आश्रम असतो आणि वेळ असतो. आमच्या या गुरूकडे त्यांतला फक्त वेळ होता. फौजेतून निवृत्त झालेले हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ कृष्णाकाठच्या एका लहान गावात राहत असत, आणि सारे गाव त्यांना नुसते सुभेदार म्हणे. शिष्याचे नाव विश्वजित. तो पुण्यात, संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत होता. गेली तीन वर्षे तो लढाईचा एक खेळ तयार करत होता. पडद्यावर डोंगर, धुके, खंदक, आणि खेळणाऱ्याच्या हातात रायफल. जाहिरातीत एकच शब्द मोठ्या अक्षरांत छापायचे ठरले होते: हुबेहूब.

या दोघांचे नाते जुने होते. विश्वजितचे वडील हिंदुराव हे सुभेदारांच्याच पलटणीत. सीमेवरच्या एका चकमकीत, जिला कुणी नावसुद्धा दिले नाही, ते कामी आले. तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. हिंदुरावांच्या अस्थी आणि सामानाची काळी ट्रंक घेऊन सुभेदार घरी आले, आणि दारातच त्यांनी हिंदुरावांच्या पत्नीला, कलावतीबाईंना सांगितले, "वहिनी, कपाळाला गोळी लागली. एका क्षणात गेला. त्याला कळलंसुदिक न्हाई."

त्या वाक्याच्या आधाराने त्या माउलीने अठ्ठावीस वर्षे काढली. कुणी हळहळले तर उलट त्या स्वतःच समोरच्याला धीर देत. "त्यांना तरास झाला न्हाई," म्हणत, "कळलंबी न्हाई." हे सांगताना त्यांचा चेहरा शांत असे. माणूस गेल्याचे दुःख असते, ते होतेच. पण त्यात कण्हण्याचा आवाज नव्हता, म्हणून त्यांना झोप लागत असे.

पुढे सुभेदारांनीच त्या पोराला नदीत पोहायला शिकवले, पाढे घोटून घेतले. एकदा शेजाऱ्याचे पेरू तोडून "मी नाही तोडले" म्हणाला, तर त्याला दोन तास उन्हात सावधान उभे केले. चोरीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. शिक्षा खोटे बोलल्याची होती. तेव्हा खऱ्याखोट्याच्या बाबतीत या माणसाचा शब्द शिष्याला प्रमाण वाटावा, यात नवल नाही. खेळ बाजारात जाण्यापूर्वी त्यांनी एकदा पाहावा आणि "बरोबर आहे" म्हणावे, एवढ्यासाठी तो पुण्याहून गावी आला.

रविवारी सकाळी कलावतीबाईंच्या घरी सोप्यात तपासणी सुरू झाली. विश्वजित खेळत होता आणि सुभेदार चष्मा पुसून पुसून बघत होते. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच शिष्याचा घाम काढला.

"चिखलात चाललाय आन् बूट कोरडे?"

"करतो दुरुस्त, नाना."

"एवढा डोंगर चढला, धाप कुठाय? तिथं धा पावलांत छाती भरून येती. आन् रायफलीचा आवाज बरा हाय, पर त्यो डोंगरावर आपटून माघारी येतो, त्यो दुसरा आवाज का न्हाई?"

विश्वजित वहीत लिहून घेत होता. दोन तासांत त्रेचाळीस चुका निघाल्या. तो मुळीच खट्टू झाला नाही. एवढ्या बारकाईने आपले काम आजवर कुणी पाहिले नव्हते, याचा त्याला आनंदच झाला. आपल्या अभिमानाचा प्रसंग त्याने शेवटी ठेवला होता.

"आता हे बघा," तो म्हणाला. "बाकीच्या खेळांत माणूस पडला की पडला, संपलं. आमच्यात तसं नाही."

पडद्यावर एका जवानाच्या पोटात गोळी लागली. तो खडकाआड कोसळला. दोन्ही हात पोटावर, टाचा मातीत घासत होत्या. मग त्याने मान वळवून खेळणाऱ्याकडे पाहिले आणि तो म्हणाला, "पाणी." लगेच खाली एक चौकट उमटली: पाणी द्या. विश्वजितने बटण दाबले. जवान पाणी प्यायला, त्याच्या डोक्यावर जीव किती उरला ते दाखवणारी हिरवी पट्टी भरत गेली, तो उठून उभा राहिला आणि कोपऱ्यात आकडा आला, वीस गुण.

कलावतीबाई चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या. त्या तिथेच थांबून पडद्याकडे बघत होत्या. सुभेदारांनी एकदा पडद्याकडे पाहिले, एकदा दाराकडे.

"हे खोटं हाय," ते म्हणाले.

"पण नाना, मी दोन फौजी डॉक्टरांना विचारलंय. पोटात लागली तर माणूस कितीतरी वेळ..."

"डाक्टर मागं तंबूत असतो. मी तिथं हुतो. गोळी लागली की माणूस पडतो, पडला की हलत न्हाई. हे समदं काढून टाक."

एवढे बोलून त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि चहा न घेता ते निघून गेले. कलावतीबाईंनी श्वास सोडला. "बघ," त्या मुलाला म्हणाल्या, "भाऊजी सांगत्यात न्हवं? तू उगंच कायबाय दाखवतूस." मघाशी उतरलेला त्यांचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा झाला होता.

विश्वजितला मात्र काही कळेना. ज्या माणसाला कोरडा बूट सहन झाला नाही, त्याने डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट उडवून लावावी? आणि चहा टाकून का जावे? पडद्यासमोर बसल्या बसल्या सुभेदारांनी दारातल्या आईकडे टाकलेली नजर त्याला आठवली. हुशार होता, दुपारपर्यंत त्याला अर्धे कोडे उलगडले. ते उलगडले तसा त्याचा जीव घाबरा झाला, आणि तो सुभेदारांच्या घरी गेला.

सुभेदार ओसरीवर बियाण्यासाठी शेंगा फोडत बसले होते. विश्वजित समोर बसला.

"बाबांना कपाळाला लागली नव्हती," तो म्हणाला.

सुभेदारांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "पोटाला."

"किती वेळ?"

"सकाळी आठला लागली. गेला तवा दुपारचे दोन वाजून गेले हुते."

विश्वजितने सूप स्वतःकडे ओढले आणि तोही शेंगा फोडू लागला. हाताला काहीतरी काम हवे होते. मग सुभेदार बोलले. अठ्ठावीस वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते, स्वतःच्या बायकोलाही नाही.

"माझ्यापाशी पाण्याची बाटली हुती, भरलेली. त्यो मागत हुता. पोटात गोळी लागलेल्याला पाणी द्यायचं न्हाई, हा नियम. रंगरुटांना मीच शिकवायचो. वाटलं, स्ट्रेचर येईल, डाक्टर वाचवतील; आपण पाणी पाजून मारायला नको. रुमाल भिजवून व्हटाला लावत हुतो. त्यो रुमालच चोखायला बघायचा, आन् मी वढून घ्यायचो. वरनं गोळीबार चालू, स्ट्रेचर येणार कुठनं? न्हाई आलं. त्यो गेला तवा बाटली भरलेलीच हुती. तुझ्या खेळात पाणी दिलं की माणूस उठून चालाय लागतो, वर वीस गुण. मला न्हाई बघवलं ते."

"माझं नाव घेतलं का त्यांनी?"

सुभेदारांनी त्याच्याकडे नीट पाहिले. "घेतलं म्हणून सांगितलं तर तुला बरं वाटंल. पर तुला आता खोटं सांगायचं न्हाई. पाणी मागत हुता. दुसरं काय बोलला न्हाई."

विश्वजित रडला. बत्तीस वर्षांचा माणूस शेंगांच्या टरफलांत बसून रडतो, तेव्हा त्याला कुणी काय सांगावे? सुभेदार शेंगा फोडत राहिले.

"मग आईला तसं का सांगितलंत?" तोंड पुसून त्याने विचारले. "मला तर पेरूसाठी उन्हात उभं केलं होतंत."

"खरंच सांगायला आलो हुतो रे. यष्टीतनं उतरंपतुर तेच मनात. दारात वहिनी उभी, तू तिचा पदर धरून. म्हटलं, हे हिनं आता रोज कसं उचलायचं? मी तिथं हुतो, मला उचलणं भाग हाय. तिला का?"

"आणि आज मला का सांगितलंत?"

"तू तुझ्या पायानं पोटातल्या गोळीपतुर येऊन पोचलास. मी गप बसलो तर आनखी कुणाला इचारशील, आन् ते फिरत फिरत तिच्या दारात जाईल." सुभेदारांनी टरफले बाजूला सारली. "माझं ऐक. रायफल हुबेहूब कर, बूट कर, डोंगर कर, माझी ना न्हाई. पर मरणाऱ्या माणसापाशी बसायला एकाचीच जागा असती, आन् जो तिथं बसला त्याला पुन्हा उठता येत न्हाई. तुझा खेळणारा कंटाळला की बटण दाबून जेवायला जाणार. त्याला त्या जागी बसवू नगंस. तेवढी जागा खोटी ठेव."

शिष्याने ते मानले. मला पुष्कळदा वाटते, सत्य सांगावे की सांगू नये, हा प्रश्न आपण उगाच थोर करून ठेवला आहे. ते ज्याच्या माथी मारायचे त्याला ते पेलेल का, एवढे विचारण्याइतकी दया आपल्याकडे असली तरी पुष्कळ.

पुण्याला परतल्यावर त्याने त्रेचाळीस चुका दुरुस्त केल्या. बूट चिखलाने माखले, छाती धपापू लागली, रायफलीचा आवाज डोंगरावर आपटून परत येऊ लागला. तो एक प्रसंग मात्र त्याने काढून टाकला. कंपनीतले साहेब चिडले. हीच तर आपल्या खेळाची खासियत होती, म्हणाले. लढाई पाहिलेल्या माणसाचा सल्ला आहे, एवढेच त्याने सांगितले आणि तो हटला नाही. खेळ बाजारात गेला, गाजलाही. खेळणाऱ्यांच्या पत्रांत एक तक्रार वारंवार येई: बाकी सारे खरे वाटते, पण तुमचे जवान फार चटकन मरतात, पडले की हलतसुद्धा नाहीत, हे काही हुबेहूब नाही. विश्वजित इतर सर्व तक्रारींना उत्तर देत असे, हिला देत नसे.

काही महिन्यांनी तो गावी आला असताना कलावतीबाई आपण होऊन म्हणाल्या, "तुझा त्यो खेळ दाव की मला. समदी पोरं खेळत्यात म्हणं."

त्याने नाही म्हणून पाहिले. त्या ऐकेनात. त्याने संगणक उघडला. धुक्यातून जवान चालत होते, त्यांचे बूट चिखलाचे होते. एक गोळी आली आणि त्यांच्यातला एक जवान पडला. पडला तो पडलाच. त्याचे बोटसुद्धा हलले नाही. कलावतीबाई पुढे सरकल्या. पडद्यावर जिथे तो जवान पडला होता, तिथे त्यांनी हळूच हात ठेवला.

"असंच झालं असंल ना रे?"

"असंच, आई."

"कळलंबी नसंल त्यांना."

विश्वजितने हे वाक्य जन्मभर ऐकले होते. स्वतःच्या तोंडाने ते म्हणायची वेळ आजवर त्याच्यावर आली नव्हती. त्याने आईकडे पाहिले.

"न्हाई कळलं, आई. एका क्षणात गेले."

त्यांनी मान हलवली, डोळे पुसले आणि "हात धू, भाकरी टाकते" म्हणत त्या आत गेल्या. विश्वजितला भूक नव्हती. तरी आईने वाढले तेवढे सगळे त्याने खाल्ले.