चिमणी काय म्हणाली?

वस्तू बोलायच्या, त्या काळची गोष्ट. घरीच शिकणाऱ्या शाल्मलीच्या कंपासपेटीत एक खोडरबर होतं. त्याला चूक म्हणून खपायची नाही. तिनं ‘मि’ लिहिलं, की ऱ्हस्व वेलांटी पुसायला ते धावलंच. ‘मी’ नीट होईस्तोवर पुढचं वाक्य पोरीच्या डोक्यातून निघून जायचं. एकदा वैतागून तिनं लिहिणंच सोडलं.

“झालं समाधान?” पेन्सिल फणकारली. “पान कोरं आहे बघ. एकही चूक नाही!”

खोडरबर ओशाळलं आणि पट्टीमागे दडलं. ते दिसेना, तशी शाल्मलीनं हळूच पेन्सिल उचलली.

‘मि चीमणीशी बोलले. ती मनाली...’

खोडरबराचे हात शिवशिवले. पण ते जागचं हललं नाही. चिमणी काय म्हणाली, ते त्यालाही ऐकायचं होतं.