कारवीचं टक्

ऐका हो लहानथोर! फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की तेव्हा राजा कोण होता हेही आता कुणाला आठवत नाही.

डोंगरापलीकडे कड्यांवरचा मध काढणारी माणसं राहत. एका वर्षी वणव्यानं त्यांचं रान जळालं. तेव्हा सोनकी नावाची बाई नवऱ्याला आणि नऊ वर्षांच्या कारवीला घेऊन माळावरच्या एका गावात राहायला आली. गावात विहीर एकच होती, पण शाळा होती. "मी दोराला लटकले, पोर तरी पाटीवर लिहील," म्हणत तिनं लेकीला गुरुजींपुढे नेलं.

"गुरुजी, खोटं बोलली तर शिक्षा करा. अभ्यास चुकवला तर करा. मी विचारायलासुद्धा येणार नाही."

गुरुजी खूश झाले. धडा शिकवून त्यांनी कारवीला विचारलं, "समजलं का?"

कारवीनं जीभ टाळूला लावून केलं, "टक्!"

झालं! त्या गावात टक् म्हणजे 'जा, तुला कोण विचारतो!' गुरुजींनी तिला भर उन्हात शाळेपुढच्या शिळेवर उभं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा टक्, पुन्हा शिळा. "तिसऱ्यांदा केलंस तर शाळेतून नाव काढीन," गुरुजी गरजले.

पोरीचं तोंडच मिटलं. शाळेत गप्प, घरी गप्प. आईनं हाक मारली तरी नुसती बघत राहायची.

"परक्या गावात मान खाली घालून राहावं," नवरा म्हणाला. "नारळ घेऊन जा, माफी मागून ये."

"माफी? चोरी केलीय का तिनं?" सोनकी उसळली. "कड्यावर बोललं की माश्या उठतात, म्हणून आपण टक् करतो. ऐकलं, मी इथंच आहे, असं सांगतो. त्या एका 'टक्'वर मी बारा वर्षं जीव टांगला, आणि त्याची माफी मागू?"

ती तडक शाळेत गेली आणि गुरुजींना हे सगळं सांगितलं. गुरुजींनी हात झटकले. "डोंगरातले चाळे डोंगरात! इथं तोंडानं 'हो जी' म्हणायचं."

त्याच आठवड्यात विहिरीच्या कपारीला आग्या मोहोळ बसलं. घागर सोडली की माश्या अंगावर. दोन दिवसांत गाव तहानेनं कासावीस झालं, आणि पाटील सोनकीच्या दारात आले.

"उतरते की," सोनकी म्हणाली. "दोर नवरा धरील. पण काठावर बसून इशारा द्यायला कारवी लागते, तिचे कान तिखट. आणि तिच्या 'टक्'ला तर तुमच्या शाळेत बंदी! बंदी उठेपर्यंत मी विहिरीत पाय घालणार नाही."

"अहो, त्यात काय मोठंसं?" पाटलांबरोबर आलेले गुरुजी पुढे झाले. "काठावर मी बसतो."

"बसा," सोनकी म्हणाली. विहिरीवर जाऊन तिनं सगळ्यांना लांब उभं केलं, नवऱ्याला आणि कारवीला घोंगडीत बसवलं, स्वतः घोंगडी पांघरली. दोर बांधण्याआधी हळूच विचारलं, "गुरुजी, आहात ना?"

"हो जी!" गुरुजी वर्गातल्या आवाजात म्हणाले. विहीर घुमली. मोहोळ भणाणून वर आलं. सोनकी घोंगडीखाली आडवी झाली, आणि गुरुजी धोतर सावरत जे पळाले ते थेट घराची कडी लावूनच थांबले.

माश्या बसल्यावर पाटील कारवीजवळ आले. "तू बस गं बाई काठावर. तुझ्या रीतीनं बोल, शाळेतसुद्धा. माझा शब्द आहे."

सोनकी दोर बांधून कठड्यावर बसली. लेकीकडे बघवेना तिला. "कारवे, आहेस ना?"

पोरीनं जीभ टाळूला लावली. मग आलं, "टक्."

सोनकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती खाली उतरली, धूर केला, मोहोळ काढलं. गाव पोटभर पाणी प्यालं.

गुरुजींचं तोंड भोपळ्याएवढं सुजलं होतं. चार दिवसांनी ते शाळेत आले, तेव्हा कारवीनं पाटी पुढे केली. "गुरुजी, बरोबर आहे का?"

गुरुजींचे ओठ उघडेनात. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मान खाली घालून केलं, "टक्."

सगळ्यांत आधी कारवी हसली. मग वर्ग हसला, आणि शेवटी सुजल्या तोंडानं गुरुजीही. शिळा त्यांनी त्याच दिवशी विहिरीवर नेऊन टाकली, बायकांना घागरी टेकवायला.

तात्पर्य: पोर उद्धट आहे असं ठरवण्याआधी ते काय म्हणतंय, हे त्याच्या आईला विचारावं.