अळणी भाजीचं पातेलं

खूप खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा राजवाड्याच्या पंगतीत राजा आणि गवंडी शेजारी शेजारी पाटावर बसत, आणि वाढपी दोघांच्याही पानात एकाच पळीनं वाढत.

अशा एका छोट्या राज्याच्या मुदपाकखान्यात द्वारका नावाची आचारीण होती. वीस वर्षं पालेभाजीचं पातेलं तिच्याकडे. मीठ तिनं कधी मोजलं नाही. मुठीत घ्यायची आणि टाकायची. भाजी बहुतेकदा झकास व्हायची. ज्या दिवशी व्हायची नाही, त्या दिवशी द्वारका चुलीला बोल लावायची. चूल बिचारी काय बोलणार!

मग एके दिवशी ठकू कामाला आली. माळ्याची लेक, वयानं द्वारकेच्या निम्मी, बोलायला अगदी बेताची. काखोटीला तराजू मारून आली होती. तो पाहून सगळा मुदपाकखाना पोट धरधरून हसला.

“काय गं, भाजी रांधायला आलीस की सोनं विकायला?” द्वारकेनं विचारलं.

“पालेभाजी डोळ्यांना फसवते, बाई,” ठकू म्हणाली. “टोपलीत डोंगराएवढी दिसते आणि चुलीवर आळली की वाटीभर उरते. डोंगर बघून मीठ घातलं तर घास घशाखाली उतरत नाही. म्हणून मी निवडून, धुऊन, चांगली निथळलेली भाजी तोलते. शेराला तोळाभर मीठ. मग माठ असो की चाकवत.”

लोक हसायचे थांबले ते पहिल्याच जेवणात. ठकूची भाजी सोमवारी जशी, तशीच शनिवारी. राजानं एकदा चार वेळा मागून घेतली, तेव्हा पालेभाजीचं पातेलं ठकूकडे गेलं आणि द्वारकेच्या वाट्याला आमटी आली.

द्वारका जळफळली. ठकू हसली तरी तिला राग यायचा, गप्प बसली तरी यायचा. कुणी ठकूचं कौतुक केलं, की द्वारकेला त्या दिवशी जेवण गोड लागायचं नाही. आमटी ढवळताना तिचे डोळे शेजारच्या चुलीवरच असायचे. दोनदा आमटी लागली, तरी ते हटले नाहीत.

त्यातच कोठी सांभाळणारी म्हातारी थकली. राणीनं सांगितलं, “वर्षाच्या मोठ्या पंगतीला कोठीच्या किल्ल्या मी नव्या माणसाच्या हाती देणार.” कोठीच्या किल्ल्या म्हणजे सगळ्या मुदपाकखान्याचा मान. त्या कमरेला लागाव्यात म्हणून द्वारकेनं वीस वर्षं वाट पाहिली होती.

“आता त्याही ती तराजूवाली घेणार,” तिच्या मनानं घेतलं. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण मत्सराला सांगावं लागत नाही, तो स्वतःच सगळं ठरवून मोकळा होतो.

पंगतीच्या दिवशी सकाळी ठकूनं धुतलेली भाजी टोपल्यांत निथळत ठेवली आणि ती चूल पेटवायला गेली. द्वारकेनं इकडेतिकडे पाहिलं आणि टोपल्यांवर घागरीमागून घागरी ओतल्या. मग खांबाआड उभी राहिली.

ठकू आली, भाजी तोलू लागली. एरवी चाळीस शेर भरणारी भाजी त्या दिवशी साठ शेर भरली. तिनं साठ तोळे मीठ पत्रावळीवर काढलेलं द्वारकेनं डोळ्यांनी पाहिलं आणि ती परसातल्या चुलीकडे धावली. तिथं तिनं मोठं पातेलं भरून पालेभाजी रांधली. त्यात मिठाचा कण घातला नाही. पंगतीत सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, की ही अळणी भाजी खारट भाजीत मिसळायची आणि राज्याची लाज राखायची! मग किल्ल्या कुठे जातात?

पण घाई झाली हो तिला. क्षणभर आणखी थांबली असती, तर पारड्यातून गळणारं पाणी ठकूला दिसल्याचं तिनंही पाहिलं असतं. ठकूनं सगळी भाजी कोरड्या पंच्यांवर पसरली, सुपानं वारा घातला आणि पुन्हा तोलली. चाळीस शेर. वीस तोळे मीठ तिनं मुकाट्यानं परत बरणीत टाकलं.

दुपारी पंगत बसली. पातेलं घेऊन द्वारका दारात उभी. तिची नजर राणीच्या तोंडावर खिळलेली. राणीनं भाजीचा घास घेतला आणि डोळे मिटले.

“राणीसाहेब, थांबा!” द्वारका धावत पुढे आली. “खारट भाजी खाऊ नका. मी मुद्दाम अळणी रांधून आणलीय. मिसळली की बेताची होईल!”

राणीनं डोळे उघडले. “खारट? अगं, चव घेत होते मी. आणि भाजी खारट होणार, हे तुला रांधण्याआधीच कसं कळलं?”

द्वारकेनं पातेलं खाली ठेवलं. तिच्या लुगड्याचा ओला काठ ठकूला दिसला. “सकाळी निथळत्या भाजीवर कुणीतरी पाणी ओतलं होतं,” एवढंच म्हणून ठकूनं मान खाली घातली. राणीच्या ध्यानात सगळं आलं.

“द्वारका, किल्ल्या आज तुलाच द्यायच्या होत्या,” राणी म्हणाली. “ही ठकूच काल मला म्हणाली, की मला भाजीपुरतं कळतं, अख्खी कोठी द्वारकाबाईंनाच ठाऊक. पण चार माणसांचं अन्न नासवायला जिचा हात धजला, तिच्या हाती मी कोठी कशी देऊ?”

किल्ल्या ठकूला मिळाल्या. त्या घेताना तिचा हात अडखळला, पण राणीनं त्या तिच्या मुठीत ठेवल्याच.

द्वारका परसात जाऊन बसली. अळणी भाजी कुणी शिवलीसुद्धा नाही. तिनं स्वतः एक घास तोंडात घातला, तो गिळवेना, आणि मग ती ओक्साबोक्शी रडली. त्या सकाळपर्यंत ज्या किल्ल्या तिच्याच व्हायच्या होत्या, त्या तिनं आपल्या हातानं घालवल्या होत्या.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: दुसऱ्याचं बिघडावं म्हणून जो झटतो, तो आपल्याकडे चालत येणारं सुखही वाटेतूनच परत पाठवतो.