दारात सांगायचे वाक्य

एकदा एका वृद्ध गुरुजींच्या शिष्येने तालुक्याच्या धर्मादाय नेत्रालयासाठी मोबाइलवर उघडणारे एक पान तयार केले. रुग्णाने नाव भरावे, दिवस निवडावा, बटण दाबावे, की तपासणीची किंवा शस्त्रक्रियेची वेळ मिळावी. तिच्या स्वतःच्या फोनवर ते सुरेख चाले. जुन्या फोनांतल्या काही ब्राउझरांमध्ये मात्र त्याची मोडतोड होई. म्हणून तिने तळाशी एक ओळ लिहिली होती, ‘हे पान नव्या ब्राउझरमध्येच नीट दिसेल.’

गुरुजींनी ती ओळ दोनदा वाचली आणि शांतपणे म्हणाले, “उद्या सकाळी नेत्रालयाच्या दारात जाऊन बस. ज्याच्या फोनवर पान चालणार नाही, त्याला हे वाक्य तू स्वतः सांग.”

शिष्येला नवल वाटले. लिहिलेलेच पुन्हा बोलायचे कशाला? तरी ती गेली.

पहिल्या गृहस्थाने वाक्य ऐकले आणि मान हलवून तो आतल्या रांगेत जाऊन उभा राहिला. दुसरा थोडा कुरकुरला. मग मोतीबिंदू झालेल्या नवऱ्याचा हात धरून द्वारकाबाई आल्या. मुलाने वापरून दिलेला जुना फोन त्यांनी पुढे केला. त्यावर बटण पडद्याबाहेरच गेले होते.

“आजी, हे पान…” शिष्येने सुरुवात केली.

“माझंच चुकलं असेल गं,” द्वारकाबाई ओशाळून म्हणाल्या. “राबून राबून बोटं जाड झालीत, नीट दाबलं जात नाही. थांब, परत करून बघते.” त्यांनी पदराने पडदा पुसला आणि रिकाम्या जागीच पुन्हा बोट टेकवले.

शिष्येने ते वाक्य तिथेच सोडले. तिने त्यांचे नाव कागदावर लिहून आत नेऊन दिले आणि ती तडक गुरुजींकडे आली. डोळे भरले होते.

“गुरुजी, चूक माझी होती, आणि ओशाळत त्या होत्या.”

गुरुजींनी तिला जवळ बसवले. “पान मोडलं की माणसाला वाटतं, आपणच कमी पडलो. म्हणून ब्राउझरला ‘तू नवा की जुना’ असं विचारू नये, बाळ. ‘तुला काय जमतं’ एवढंच विचारावं. रंग, हलती चित्रं ज्याला पेलतील त्याला द्यावीत. पण ज्याला त्यातलं काहीच जमत नाही, त्याच्याही हाती नाव, दिवस आणि बटण पडलंच पाहिजे.”

पुढचे पंधरा दिवस शिष्येने शेजारीपाजारी मागून आणलेल्या फोनांवर ते पान पुन्हा पुन्हा उघडून पाहिले, मोडले, नव्याने रचले. मग कोणी न सांगता ती पुन्हा नेत्रालयात गेली. द्वारकाबाई नवऱ्याच्या शस्त्रक्रियेचा दिवस घ्यायला आल्या होत्या. त्यांच्या फोनवर पान साधेच उघडले, पांढऱ्यावर काळे. त्यांनी जपून बोट टेकवले. दिवस मिळाला.

“झालं?” त्यांनी विचारले.

“झालं, आजी.”

“एवढंच होतं होय!” त्या हसल्या.

“हो, एवढंच होतं,” शिष्या म्हणाली, आणि तिने आजोबांचा दुसरा हात धरला.