उघडा देव आणि बांधातलं कमळ

“एका बाईनं म्हणे देवाचं अख्खं छप्पर पाडलं, तेव्हापासून त्या गावाला शाप...” कुंपणापलीकडून एवढंच ऐकू आलं आणि मेला कुकर शिट्टी द्यायला लागला. शेजारच्या गोदूताईंकडे कोपरगावहून त्यांची भाचेसून रेवती आली होती, ती बोलत होती. मी वाटीत जवसाची चटणी घेतली आणि गेले.

“आल्या बघा! कान इकडेच होते ना?” गोदूताई म्हणाल्या.

“चटणी द्यायला आलेय,” म्हणत मी पाटावर बसलेसुद्धा.

सकाळी देवळाच्या आवारात रेवतीला पुजाऱ्यांनी भर पावसात छत्री मिटायला लावली होती. “काकू, शाप लागतो म्हणून का हो?” तिनं विचारलं. मग मला सांगणं भागच पडलं.

आमचं पाथरघाट सायी नदीच्या वळणावर आहे, मागे हंड्याचा डोंगर. पाथरेश्वराच्या देवळाला खांब आहेत, भिंती आहेत, पण वर आभाळ. पिंडीवर थेट पाऊस पडतो. असं सांगतात, की पूर्वी त्यावर दगडी घुमट होता. राणोजी पाथरवटानं उभी हयात घालून तो रचला. चुना नाही, दगडात दगड अडकवलेला. माथ्यावर कमळ कोरलेला शेवटचा दगड बसला, आणि त्याच पावसाळ्यात डोंगराची दरड नदीत आली. पाणी खालच्या आळीकडे वळलं. त्या आळीत राणोजीची लेक बाळंतीण होती. बांध घालायला दगड हवेत, आणि घडवलेले दगड फक्त देवळावर. त्यांना हात लावायची कुणाची छाती होईना.

राणोजीची बायको भागाई पहार घेऊन घुमटावर चढली. म्हणाली, “देवा, तुझं छप्पर नेते. तू भिजशील, पण तुला पडसं व्हायचं नाही. माझं नातवंड आठ दिवसांचंय.”

खालून राणोजी ओरडला, “उतर! जन्म गेला माझा त्यात!”

“मग या की वर. कुठला दगड कसा निघतो ते तुम्हालाच ठाऊक.”

तो जागचा हलेना. तिनं एकटीनं कमळाचा दगड उचकटला, खाली लोटला, घरंगळत काठाशी नेला आणि जमेल तसा टेकवला. तो दगड चिखलात बसलेला पाहिला, तेव्हा म्हणे राणोजीनं डोळे पुसले आणि शिडीला हात घातला. मग गाव त्याच्यामागे. उजाडेपर्यंत बांध उभा राहिला. आळी वाचली, बाळंतीण वाचली.

पाणी ओसरल्यावर दगड परत वर न्यायचं ठरलं, तर राणोजीच नको म्हणाला. देव आपल्यासाठी भिजला, त्याच्यासमोर आपण कोरडं राहायचं नाही, एवढं ठरलं. शाप कसला आलाय!

“म्हणजे पाडलं ते खरं,” रेवती म्हणाली.

“चल, दाखवते.”

तिघी बांधावर गेलो. राणोजीनं बसवलेला दगड न् दगड नक्षी आत करून, कुणाचा पाय लागू नये म्हणून. सबंध बांधात एकच कमळ बाहेर तोंड करून बसलंय, तेही जरा तिरकं. रेवतीनं इथून तिथवर चालून दुसरं शोधलं. नाही सापडलं.

“एवढा एकच तिचा?”

“एकच.”

आजही आमच्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी आली, की आधी त्या तिरक्या कमळाला हळदकुंकू लागतं, मग देवाला. परतताना देवळाशी पाऊस भुरभुरायला लागला. आवारात शिरायच्या आधी रेवतीनं आपणहून छत्री मिटली.