झोप खाणारा दिवा

एका राज्यात सकाळ व्हायला राजाची परवानगी लागत असे. सूर्य आपल्या वेळेला येई, त्याला कोण अडवणार? पण राजा उठल्याशिवाय नगारखान्यात चौघडा झडत नसे, आणि चौघडा झडल्याशिवाय कुणी दार उघडत नसे, विहिरीत पोहरा सोडत नसे, गाईखाली धार काढायला बसत नसे. रीत जुनी होती. तिचा त्रास कुणालाच नव्हता, कारण त्या घराण्यातले राजे पहाटेच्या आधी उठणारे होते.

राणी चंपावती राज्य करीत होती तेव्हाच्या सकाळी आता सांगून खऱ्या वाटायच्या नाहीत. अंधुक असतानाच चौघडा झडे. त्याच्यामागून घरोघरची जाती घरघरू लागत, अंगणात सडे पडत, ताकाच्या डेऱ्यांत रव्या फिरू लागत. उजाडेपर्यंत निम्मी कामं उरकलेली असत आणि माणसं एकमेकांशी हसून बोलत. मी म्हणतो, माणसाला आणखी काय लागतं?

मग राणी चंपावती गेली. तिचा एकुलता एक मुलगा रत्नपाळ गादीवर बसला. वय अवघं वीस. तेराव्याला आईच्या बांगड्या दान करायच्या म्हणून त्याने खजिना उघडला, आणि सगळ्यात आतल्या कोठीत, सात कुलपांच्या पेटीत, त्याला एक दगडी दिवा सापडला. त्यात ना तेल होतं ना वात, तरी तो जळत होता. रत्नपाळाने ज्योतीत पाहिलं, तर त्याला आपली आई दिसली. ती अंगणात उभी राहून त्याचे केस विंचरीत होती आणि तो पळून जाऊ पाहत होता. बांगड्या तिथेच राहिल्या. दिवा मात्र राजाच्या शयनगृहात आला.

त्या रात्री राजा मध्यरात्रीपर्यंत जागला. दुसऱ्या रात्री तिसऱ्या प्रहरापर्यंत. महिना उलटला तेव्हा तो उजाडताना निजू लागला आणि दुपारी उठू लागला. ज्योतीत काय नव्हतं? आईच्या हातची खीर होती, नदीवर पोहायला शिकवणारे वडील होते, लहानपणीचा पांढरा घोडा होता. जे जे गेलं ते सगळं तिथे होतं, आणि दरबारातल्या कटकटींपेक्षा ते कितीतरी गोड होतं. त्याला दोष तरी कसा द्यावा?

दोष द्यायचाच तर तो प्रधान विश्वंभरपंतांना द्यावा. राजा दुपारी उठतो म्हटल्यावर चौघडा दुपारी झडू लागला, आणि चौघडा झडेल तेव्हा सकाळ, हा नियम पंतांनी जीव लावून पाळला. लोक बंद दाराआड जागे होऊन बसून राहत. गाई हंबरून हंबरून थकत. दूध कासेत आटलं, भाजी मळ्यात करपली, लग्नांचे मुहूर्त टळले. कोंबडे तेवढे ऐकत नव्हते. पंतांनी फर्मान काढलं की राजाच्या आधी आरवणं हा राजद्रोह आहे, सबब प्रत्येक कोंबडा टोपलीखाली झाकावा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे सांगणारे म्हातारे राज्यात पुष्कळ होते. पण तेही टोपली झाकूनच हे बोलत.

आणि मग राजाची दिवसाची झोपही गेली. वैद्य आले. त्यांनी दुधात जायफळ दिलं, खसखशीची खीर दिली, काशाच्या वाटीने तळपाय घासघासून काळे केले. राजा डोळे मिटून पडे आणि पापण्यांच्या आत ती ज्योत जळतच राही. अशा एका रात्री त्याच्या मनात सहज आलं, की आई मला लाडाने काय म्हणत असे बरं? त्याला आठवेना. त्याने पोहायला शिकवणाऱ्या वडिलांना आठवून पाहिलं. नदी आठवली, वडील आठवले नाहीत.

तो तसाच उठला आणि अनवाणी नगारखान्याचा जिना चढून गेला. पहाट होत होती. वर म्हातारा धोंडजी नगारची हातात टिपऱ्या घेऊन नगाऱ्यापुढे उभा होता.

"धोंडजी, तुम्ही आत्ता इथे काय करता? चौघड्याला तर दुपार होईल."

"सवय आहे, महाराज. चाळीस वर्षं याच वेळेला हात वर जातो. आता तो खाली येत नाही, एवढंच."

तेव्हा नगारखान्याच्या कोनाड्यातून आवाज आला. तिथे एक पिंगळा राहत होता. गोल डोळ्यांचा, मुठीएवढा, जुनाट पक्षी. त्या राज्यात पिंगळे बोलत, आणि खरं तेच बोलत, म्हणून त्यांना कुणी फारसं काही विचारीत नसे.

"राजा, मी घुबडाच्या जातीचा. रात्र मला शोभते. तुला कुणी दिली?"

"माझ्याकडे एक दिवा आहे, पिंगळ्या."

"तो कज्जल जादूगाराचा दिवा. तुझ्या पणजोबांनी त्याला त्याच दिव्यात कोंडला आणि दिवा पेटीत घातला. तो तेलावर जळत नाही, पाहणाऱ्याच्या झोपेवर जळतो. आणि जे तू ज्योतीत पाहिलंस, ते तुझ्या मनातून उतरून ज्योतीत गेलं. सगळं संपेल तेव्हा तुझी पाळी. तू आत जाशील आणि कज्जल बाहेर येऊन तुझ्या गादीवर बसेल."

राजाने खाली बसून डोकं धरलं. "काय उरलंय माझ्याजवळ?"

"आईचा चेहरा. तेवढाच."

"उपाय सांग."

"तीन आहेत. पहिला साधा. पूर्वेच्या टेकडीवर ओंजळभर पाणी घेऊन उभा राहा. पहिली उन्हं ओंजळीत पडली की पाणी सोन्याचं होईल. ते पिऊन ये. अकरा सकाळी."

राजाला हे फारच सोपं वाटलं. मी तर रात्रभर जागाच असतो, असं म्हणून तो टेकडीवर रात्र काढून उजाडताना ओंजळ धरून उभा राहिला. उन्हं आली. पाणी शाईसारखं काळं झालं.

"तू जागा राहिलास," पिंगळा म्हणाला. "उठला नाहीस. घटकाभर का होईना, डोळा लागला पाहिजे, आणि मग उठलं पाहिजे."

"माझा डोळा लागलाच, तर तो नेमका पहाटेला लागतो. मग मला उठवणार कोण?"

हा प्रश्न त्या राज्यात कधी कुणाला पडलाच नव्हता. सगळं राज्य राजा उठायची वाट पाहत होतं आणि राजाला उठवायला एक माणूस नव्हता, कारण राजाची झोप मोडणाऱ्याचा हात तोडावा असा कायदा होता. राजाने धोंडजीकडे पाहिलं. धोंडजीने आपल्या हातांकडे पाहिलं.

"उद्या तांबडं फुटलं की नगारा वाजवा. मी निजलेला असलो तरी. हुकूम माझा."

विश्वंभरपंत धावत आले. "महाराज, असं केलं तर सकाळ होईल कुणाच्या आज्ञेने?"

"आजवर ज्याच्या आज्ञेने होत होती त्याच्या," राजा म्हणाला, "आणि टोपल्या काढा."

दुसऱ्या दिवशी धोंडजीने नगाऱ्यावर टिपरी मारली. राज्यातले सगळे कोंबडे एकदम आरवले. बिचाऱ्यांचं पुष्कळ साचलं होतं. राजा घटकाभर निजला होता. त्याला उठणं जिवावर आलं. डोळ्यांत वाळू भरल्यागत तो टेकडी चढला, ओंजळ पुढे केली, आणि पाणी सोन्याचं झालं. अकरा सकाळी तो असाच गेला. मधल्या दोन दिवशी त्याने नगाऱ्याला शिव्याही दिल्या, पण गेला.

मग पिंगळ्याने दुसरा उपाय सांगितला.

"तुझी झोप रुसून गेली आहे. पश्चिमेच्या कुरणात ती कालवड होऊन चरते. तिला घरी आण. ती आता रात्रीच्या अगदी शेवटच्या घटकेला रानातून कुरणात येते. रोज एक घटका आधी येईल, त्याहून जास्त नाही. तू तिला हाक मारायची नाहीस, तिच्याकडे पाहायचं नाहीस, तिच्यामागे धावायचं तर मुळीच नाही."

"मग करायचं काय?"

"दुसरं काहीतरी."

राजा कुरणात जाऊन काथ्याची दोरी वळत बसला. हे काम त्याला येत नव्हतं. रात्र सरत आली तेव्हा पाठीमागे गवत मोडल्याचा आवाज झाला, ऊबदार श्वास मानेवर आला, आणि तो तिथेच कलंडला. घटकाभरात लांबून नगारा वाजला. दुसऱ्या रात्री कालवड एक घटका आधी आली. सहा रात्री छान गेल्या. सातव्या रात्री राजाच्या मनात आलं, इतकी माणसाळली आहे, तर आजच ओढून नेऊ. त्याने मागे वळून तिच्या गळ्यात दोरी टाकली. कालवड अशी उधळली की तीन रात्री तिने तोंड दाखवलं नाही.

चौथ्या रात्री राजा पुन्हा दोरी वळत बसला. आता त्याला दोरी बरी वळता येऊ लागली होती. कालवड येईल की नाही याचा विचार तो करीत नव्हता असं नाही, पण दोरीचा पीळ सुटतोय का, याचा जास्त करीत होता. ती आली. असं करता करता ती रोज एक घटका अलीकडे येत गेली आणि राजा रोज चार पावलं गावाकडे सरकत गेला. एका रात्री दिवेलागणीनंतर पाच घटकांनी, माणसांच्या निजायच्या वेळेला, कालवड त्याच्यामागून वाड्यात शिरली, जिना चढली आणि शयनगृहाच्या उंबऱ्याशी थांबली.

आत कोपऱ्यात दिवा जळत होता. कालवड पाऊल पुढे टाकीना.

पिंगळा खिडकीत येऊन बसला. "तिसरा उपाय. तो विझव."

राजाने फुंकर मारली. ज्योत हललीही नाही. पाणी ओतलं, माती टाकली, काही झालं नाही.

"वाऱ्यापाण्याने तो विझत नाही. पेटीत तो भुकेशिवाय तगला, पण आता त्याला तुझ्या झोपेची चटक लागली आहे. झोप दाराशी उभी असताना तू त्याच्याकडे पाठ कर आणि पुन्हा वळू नकोस, म्हणजे उपाशी मरेल."

"त्यात माझी माणसं आहेत."

"विझला की तीही गेली."

तोच ज्योतीतून मऊ आवाज आला. कज्जल बोलत होता. "राजा, पिंगळा खरं बोलतो. ती जाणारच आहेत. मग एकदा आईला पाहून घे आणि खुशाल विझव. एका नजरेने काय बिघडतं? आता नाही पाहिलंस तर जन्मभर हळहळत राहशील."

आईचा चेहरा पाहायला राजाचा जीव आसुसला होता. आणि कज्जलचं म्हणणं खोटं नव्हतं, हळहळ तर होणारच होती. पण रोज रात्री तो हेच म्हणत आला होता, एकदाच, एवढंच, मग निजतो. हे त्याला आठवलं, कारण हे त्याने ज्योतीत कधी पाहिलं नव्हतं.

तो बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून निजला. पाठीमागे उजेड भडकला. आईने त्याला नाव घेऊन बोलावलं. त्याने बिछान्याची कड दोन्ही हातांनी धरली आणि मोठ्याने रडला, पण वळला नाही. उजेड पिवळा झाला, तांबूस झाला, मग भिंतीवर काहीच दिसेना. दगड तडकल्याचा आवाज आला आणि त्याबरोबर कज्जल संपला. मग उंबऱ्यावर खुरं वाजली.

राजा झोपला. आणि झोपेत त्याला एक दुपार दिसली. जेवणं झाली होती. खाली चटईवर आई निजली होती, पदर डोळ्यांवर ओढलेला, तोंड थोडं उघडं. तिच्या कुशीत तो होता, पाच वर्षांचा, आणि त्याला मुळीच झोप येत नव्हती, म्हणून तो तिच्या तोंडाकडे बघत पडला होता. तो दिवा काय वाटेल ते दाखवू शकत होता, पण निजलेलं माणूस त्याला दाखवता येत नव्हतं, कारण झोप दिसली की तो खाऊन टाकी. म्हणून तेवढी एक दुपार त्याच्या तावडीतून सुटली होती.

तांबडं फुटलं, नगारा वाजला. राजा उठला, तोंडावर पाणी मारलं आणि थेट नगारखान्यात गेला. खाली जाती घरघरत होती. रस्त्यावर सडे पडत होते आणि गाईंच्या धारा भांड्यांत वाजत होत्या. धोंडजी टिपऱ्या खाली ठेवीत होता.

"धोंडजी," राजा म्हणाला, "माझी आई घोरत असे."

म्हाताऱ्याने डोळे पुसले. "तर काय, महाराज. दुपारच्याला इथवर ऐकू यायचं. पण राणीसाहेबांना सांगणार कोण?"

राजा हसू लागला आणि हसता हसता तिथेच पायरीवर बसला. धोंडजीने मग त्याला त्याच्या वडिलांचं सांगितलं, नदीचं सांगितलं, आणि सांगता सांगता ऊन वर आलं. पुढे त्या राज्यात राजाला उठवणाऱ्याला इनाम मिळू लागलं आणि सकाळ आपली आपण होऊ लागली. रत्नपाळाची झोप रत्नपाळाला मिळाली, तशी ज्याची त्याला मिळो.