उरल्यासुरल्यावर पाणी

एका राज्यात मेलेल्या माणसाच्या वस्तू जागेवर राहत नसत. फार पूर्वी कुणा मांत्रिकाने दिलेला तो शाप होता. माणूस गेला की त्याचे जाते घरंगळत अंगणात येई, त्याची काठी वेशीपर्यंत जाऊन परत फिरे, त्याचे कांबळे या घरातून त्या घरात सरपटत जाई. धनी नसलेल्या वस्तूला स्वस्थता नसते, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक होते आणि त्याचे कुणाला नवल वाटत नसे.

शापाला तोडही होती. जाणाऱ्याने आपली शेवटची इच्छा पाळलेल्या साळुंकीपाशी बोलायची. तो गेला की साळुंकी ती त्याच्याच आवाजात सांगे. मग त्याने नेमलेला निरवणीस एकेक वस्तू घेऊन ज्याच्या त्याच्याकडे जाई, घेणाऱ्याच्या हातावर पाणी सोडी आणि म्हणे, “दिलं.” घेणारा म्हणे, “घेतलं.” तेवढ्याने ती वस्तू थांबे. शेवटची वस्तू थांबली की साळुंकीच्या कंठातला तो आवाज निघून जाई आणि पक्षी पुन्हा पक्षी होई. याला निरवानिरव म्हणत. पळस फुलेपर्यंत जे थांबले नाही ते बेवारस ठरे, आणि बेवारस ते सारे त्या मांत्रिकाच्या वंशजाचे होई.

साध्या घरची निरवानिरव चूल पेटायच्या आत उरके. पण एका हिवाळ्यात राजा भद्रसेन गेला, आणि राजाचे काय नसते? राज्यातल्या विहिरी त्याच्या, रस्ते त्याचे, कोट त्याचा, गावठाणे त्याची. सारेच चालू लागले. बायका घागरी घेऊन निघत तो विहीर दुसऱ्याच शिवारात गेलेली असे. माणूस बाजाराच्या रस्त्याला लागे आणि रस्ता त्याला स्मशानात नेऊन सोडी. सिंहासन तर पहिल्याच दिवशी दरबाराच्या पायऱ्या उतरून डोंगराकडे चालते झाले.

राजाला दोन मुले. थोरली चारुमती, जिच्या केसांत रुपेरी बट आली होती, आणि धाकटा वीरबाहू. दरबार भरला. साळुंकी दांडीवर बसली, राजासारखी खोकली आणि राजाच्या आवाजात बोलली :

“बाळ, दार लावून घे. वारा येतोय. हं. चारुमती माझी निरवणीस. सिंहासन वीरबाहूचं. तळघरातला खजिना सरोवरातल्या नागिणीचा. उरल्यासुरल्यावर तू पाणी सोड, बाळ.”

दरबाराने माना डोलावल्या. वीरबाहू मात्र उठला.

“अक्का, हा आवाज आबांचाच कशावरून? खोकला काय, कुणालाही येतो.”

“सिंहासन तुलाच दिलंय, वीरबाहू.”

“आणि खजिना एका सापाला! शुद्धीवर असलेला माणूस असं बोलेल?”

प्रधान म्हणाले, “हरकत आली आहे. आता इच्छा खरी असल्याचं सिद्ध झाल्याशिवाय राजकन्येला चमचाही हलवता येणार नाही.” त्याच वेळी एक चमचा त्यांच्या पायावरून चालत गेला.

नदीच्या उथळ पाण्यात ढोकशास्त्री राहत असे. तो लांब चोचीचा, करड्या पिसांचा ढोक पक्षी होता आणि मृतांच्या मालमत्तेचा कायदा त्याला तोंडपाठ होता. त्याचे स्वतःचे असे काहीच नव्हते, म्हणून त्या भटक्या राज्यात तो एकटाच एका पायावर स्थिर उभा असे. चारुमती आली. साळुंकी तिच्या खांद्यावर होती.

“मासा आणलात?” ढोकाने विचारले.

“आणलाय.”

“मग बोला.”

चारुमतीने सगळे सांगितले. ढोकाने मासा गिळला, मान आखडून घेतली.

“माणसं आवाजाबद्दल भांडतात, वस्तू भांडत नाहीत. वस्तू धन्याला ओळखते. साळुंकीला सिंहासनापुढे बोलू द्या, आणि हरकत घेणाऱ्याला बरोबर न्या. मागाहून ऐकलं तर तो पुन्हा हरकत घेईल.”

भाऊबहीण डोंगर चढली. खिंडीत सिंहासन धुळीने माखून येरझारा घालत होते. वीरबाहूने त्याला आडवे जाऊन पाहिले, तर त्याने मुंडी खाली घातलेल्या बैलासारखी त्याला बगल दिली. मग साळुंकी खोकली. “बाळ, दार लावून घे,” ती म्हणाली, आणि सिंहासन जागच्या जागी थांबले, आणि हत्तीने बसावे तसे पुढचे पाय दुमडून खाली झाले.

वीरबाहूने सिंहासनावरची धूळ झटकली. मग म्हणाला, “मी म्हणत होतोच, आवाज आबांचाच आहे.”

“हात पुढे कर,” चारुमती म्हणाली. तिने कमंडलूतले पाणी त्याच्या तळहातावर सोडले. “दिलं.”

“घेतलं.”

सिंहासन थांबले ते थांबलेच. पहिले काम झाले.

दुसरे काम खजिन्याचे. तो खजिना शापित होता. त्यातली मोहोर ज्याच्या घरात जाई त्याच्या घरचे दूध नासे. नऊ गाड्या भरून चारुमती सरोवराकाठी आली. पाण्यातून नागीण वर आली. तिचा फणा कमळाच्या पानाएवढा होता.

“राजाच्या लेकी, काय हवंय?”

“आबांनी हे तुम्हाला ठेवलंय. फणा पुढे करा. दिलं.”

नागिणीने ‘घेतलं’ म्हटले नाही. गाड्या आपोआप वळल्या आणि तळघराच्या वाटेला लागल्या. चारुमतीने त्या पुन्हा आणल्या, पुन्हा पाणी सोडले, पुन्हा म्हटले, “दिलं.” गाड्या पुन्हा वळल्या. गाडीवान वैतागले. त्यांतला एक म्हणाला, “बाईसाहेब, बैल आता आम्हाला शिव्या देतात.” त्या राज्यातले बैल खरोखरच देत.

चारुमती मासा घेऊन ढोकाकडे गेली.

“हा खजिना मुळात कुणाचा?” ढोकाने विचारले.

“नागिणीचा. आबांनी तरुणपणी लढाईत आणला.”

“मग तो देणारे आबा कोण? जे आपलं नव्हतं ते मृत्यूनंतर कुणाला देता येत नाही. वाटणी आपल्या मालकीची होते. दुसऱ्याच्या मालाला वेगळा शब्द लागतो.”

चारुमती सरोवराकाठी परतली. या खेपेला तिने पाणी सोडले नाही. हात जोडले आणि म्हणाली, “आबांनी नेलं होतं. परत केलं.”

नागिणीने डोळे मिटले. “फार वर्षं लावलीत,” ती म्हणाली, “पण शब्द बरोबर आहे.” नऊ गाड्या पाण्यात उतरल्या, बुडबुडे आले आणि थांबले. बैल तेवढे वर आले, अंग झाडत. दुसरे काम झाले.

आता तिसरे उरले. सिंहासन स्थिर होते, खजिना तळाशी होता, पण विहिरी अजून चालत होत्या, रस्ते भरकटत होते. उरलेसुरले म्हणजे नेमके काय, हे चारुमतीने दरबाराला विचारले.

“धान्याची कोठारं,” वीरबाहू म्हणाला. “पाणी सोड म्हणजे पाणी सोड. धरणाचं दार उघडा!”

दार उघडले. कोठारात कमरेएवढे पाणी चढले, भात तरंगले, उंदीर पाट्यांवर बसून निघून गेले. कोठारे भटकतच राहिली, फक्त आता ओली.

“अक्का, तू मला अडवायचं होतंस.”

“राजा तू आहेस.”

मग चारुमतीने राजाच्या वस्त्रांवर पाणी सोडले, बागेवर सोडले, घोड्यांवर सोडले. प्रत्येक वेळी ती नीट विधी करी आणि प्रत्येक वेळी काही होत नसे. सकाळी ती साळुंकीला ओंजळीतून दाणे देई आणि इच्छा पुन्हा म्हणायला लावी. इच्छा तिला पाठ होती. साळुंकी खोकली की चारुमती क्षणभर दाराकडे पाही, मग दांडीकडे, मग दिवसभर या शिवारातून त्या शिवारात फिरत राही. रात्री डोळ्याला डोळा लागत नसे.

एका दुपारी तिला सुईण धोंडाई आडवी आली. पाय धुळीने भरले होते.

“बाईसाहेब, तुमची निरवानिरव संपेपर्यंत बाळंतिणींनी थांबायचं का?”

“काय झालं?”

“खालच्या आळीतल्या पोरीला कळा लागल्या. मी निघाले तर आळी पुढे आणि मी मागे. धावत होते मी, या वयात. पोर रस्त्यात झालं. जगलं, आईही जगली. पण पुढची जगेलच असं मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं का?”

धोंडाई आपली आळी शोधायला निघून गेली.

वेशीबाहेर मोठा पळस होता. त्याच्या कळ्या काळ्या, मखमली आणि भरलेल्या होत्या. त्याखाली मांत्रिकाचा वंशज कपिंजल येऊन बसला होता. तो सभ्य माणूस होता. त्याने चारुमतीला पाहून उठून नमस्कार केला आणि एक पांढरा शंख पुढे धरला.

“राजकन्ये, तुम्हाला काय सोडवत नाही ते मला कळतं. साळुंकी फार दिवस जगत नाही. हा शंख जगतो. तो आवाज यात ठेवून देईन. कानाला लावलात की आबा बोलतील.”

“त्याबदल्यात मी काय करायचं?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“पळस फुलेपर्यंत काहीच करायचं नाही. एवढंच.”

चारुमतीने शंख हातात घेतला. मग तो परत न देता ती नदीकडे गेली. या वेळी तिने मासा नेला नव्हता.

“तुम्ही सल्ल्याला आला नाहीत,” ढोक म्हणाला. “उशीर करायला आलात.”

“शास्त्रीबुवा, उरलंसुरलं म्हणजे काय?”

“निरवणीसाने हातचं सोडलेलं नाही ते. कोठार तुम्ही सोडलंत, वस्त्रं सोडलीत, घोडे सोडलेत. त्यांपैकी काहीही तुम्ही धरून ठेवलेलं नव्हतं.”

साळुंकी तिच्या खांद्यावर पिसे साफ करत होती. चारुमतीने तिच्याकडे मान वळवली नाही.

“हिच्यात आबा आहेत का?”

“आबांनी बोललेलं आहे. आबा आहेत का, ते तिलाच विचारा.”

चारुमतीने पक्षी बोटावर घेतला. मग ती म्हणाली, “आबा, आज तुम्हाला काय खावंसं वाटतं?”

साळुंकी खोकली. “बाळ, दार लावून घे. वारा येतोय,” ती म्हणाली. नदीकाठी दार नव्हते, आणि वाराही नव्हता.

चारुमतीने मान हलवली. “पाणी कुणाच्या हातावर सोडू?”

“हे देणं नव्हे. इथे घेणारा नाही. पाणी आपल्याच हातावरून जाऊ द्यायचं.”

“शब्द कोणता? ‘दिलं’ नाही, ‘परत केलं’ही नाही.”

“तो शास्त्रात नाही,” ढोक म्हणाला. “प्रत्येकाला आपला आपण काढावा लागतो. मासा पुढच्या वेळी आणा.”

ती वेशीवर आली. कपिंजल वर पाहत होता. एका काळ्या कळीचे टोक फाटून आतून केशरी रेघ दिसू लागली होती. समोरून गावाची मोठी विहीर रस्ता ओलांडत होती आणि तिच्या मागे बायका घागरी घेऊन चालत होत्या. चारुमतीने शंख कपिंजलच्या पायाशी ठेवला. साळुंकी डाव्या बोटावर, कमंडलू उजव्या हातात. तिने कमंडलू कलवला. पाणी पक्ष्याच्या पायांवरून तिच्या तळहातावर आले आणि बोटांच्या फटींतून मातीत गेले.

“या, आबा,” ती म्हणाली.

विहीर थबकली. साळुंकीने डोळे मिचकावले. मग साळुंकी खोकली आणि विहीर पुन्हा चालू लागली.

कपिंजल हलकेच हसला. “घराबाहेर पडणाऱ्याला तुमच्याकडे ‘या’च म्हणतात, राजकन्ये. आणि ‘या’ म्हटलं की तो परत येतो.”

खरेच होते. त्या राज्यात निघणाऱ्याला कुणी ‘जा’ म्हणत नसे. निघणारा म्हणे, “येतो.” राहणारा म्हणे, “या.” शिकारीला, लढाईला, नदीपलीकडे, राजा निघाला की लहानपणापासून चारुमती उंबऱ्यात उभी राहून हेच म्हणत आली होती. तिच्या तोंडाला दुसरा शब्द माहीत नव्हता. राजा गेला त्या पहाटेही तिने तेच म्हटले होते.

कळी उकलत होती. कमंडलूत घोटभर पाणी उरले होते.

तिने ते तळहातावर घेतले. पक्ष्याला तोंडासमोर धरले.

“जा, आबा,” ती म्हणाली.

पाणी मातीत गेले. साळुंकी अंग फुलवून थरथरली, तिने चोच उघडली आणि तिच्या कंठातून किर्र असा तिचा स्वतःचा कर्कश आवाज आला. मग ती उडाली, पळसाच्या शेंड्यावर बसली आणि तिथल्या दुसऱ्या साळुंकीशी जागेवरून भांडू लागली.

विहीर थांबली. रस्ता एकदा वळवळला आणि सरळ पडला. खालची आळी नाल्याच्या काठावर आपल्या जुन्या जागी टेकली. तिच्या दारांतून माणसे बाहेर येऊन पायांखाली पाहू लागली. कळी पुरती उमलली. कपिंजलने इकडे तिकडे पाहिले. बेवारस असे काहीच दिसेना. तेव्हा त्याने आपला शंख उचलला, नमस्कार केला आणि तो दुसऱ्या राज्याकडे निघाला.

चारुमती विहिरीच्या काठावर टेकली. बायका भोवती जमल्या, तिच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. शेवटी मागून धोंडाई घागर घेऊन पुढे आली.

“सरका बाईसाहेब,” ती म्हणाली. “पाणी भरू द्या.”

चारुमती सरकली, पण उठली नाही. दोर सुटला, घागर खाली गेली, आणि पाण्याला लागल्याचा आवाज तिथल्या तिथे, एकाच जागेहून आला.

ज्याचे होते ते त्याला पोचले. निरवानिरव झाली.